परतीची खात्री

“अर्जदार स्त्री ठरलेल्या मुदतीत मायदेशी परतेल, याची खात्री पटलेली नाही. तिला परत येण्यास भाग पाडतील असे आर्थिक, कौटुंबिक वा व्यावसायिक बंध मायदेशी आढळत नाहीत. तिचा व्यवसाय अनिश्चित अवस्थेत आहे, तिच्या गैरहजेरीने कोणाचेही अडणार नाही, आणि तिला अपत्य नाही. या तिन्ही बाबी अर्जदाराने मुलाखतीत स्वतः मान्य केल्या आहेत. सबब व्हिसा नाकारण्यात येत आहे.”

पत्र एवढेच आहे. त्यातली शेवटची बाब खरी आहे. अपत्य नाही. ते नसल्याची नोंद यापूर्वी पुष्कळांनी पुष्कळ प्रसंगी घेतलेली होती. परदेशी वकिलातीने तीत स्वतःची भर घातली, इतकेच. उरलेल्या दोन बाबी अधिक रोचक आहेत, कारण त्या खरोखर तिच्याच तोंडच्या आहेत आणि तरीही त्यांत खऱ्याचा कणही नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. परत येण्याची इच्छा या पत्राला पुरेशी वाटत नाही. त्याला सक्ती हवी आहे. माणसाला भाग पाडणारे काहीतरी त्याच्या घरी आहे की नाही, हे पत्र तपासते. तपासच करायचा, तर मुलाखतीच्या दिवशी तिच्या घरी काय होते, तिथून सुरुवात करणे न्यायाचे ठरेल.

त्या दिवशी तिच्या घरी नव्वद हजार अळ्या होत्या.

घरामागे साठ फूट लांब पत्र्याची शेड, आत दोन्ही बाजूंना पाच-पाच थरांच्या मांडण्या, त्यांवर तुतीचा पाला आणि पाल्यावर रेशमाच्या अळ्या. चौथी कात टाकून उठलेली अळी सात दिवस खाते. तिने आयुष्यभरात खाल्लेल्या पाल्याचा फार मोठा हिस्सा ती या सात दिवसांत खाते, आणि तो पाला कोणाला तरी कापून, वाहून, पसरून द्यावा लागतो. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, संध्याकाळी आठ. ऊन चढायच्या आत फांद्या विळ्याने कापायच्या, भारे ओल्या फडक्यात गुंडाळून डोक्यावरून आणायचे. पाला सुकला तर अळी तोंड लावत नाही, भिजलेला असला तर खाते आणि मरते. यंदा कोरडी हवा दीड महिना हटली नव्हती. खिडक्यांना टांगलेली ओली पोती तासाभरात कडक होत, ती पुन्हा भिजवायची. तुतीला तिसऱ्या दिवशी पाणी, तरी पाने कडेने करपलेली.

या घरात तिला थोरली म्हणत. वय सत्तावन्न. मानेचे मणके भाऱ्यांनी दबलेले, त्यामुळे मागे बघायचे तर ती अख्खी वळत असे. नखांत तुतीच्या चिकाची काळी रेघ, बोटांच्या बेचक्यांत चुन्याच्या भुकटीने पडलेल्या भेगा. शेडमध्ये वास चालत नाही, म्हणून अडतीस वर्षांत तिने डोक्याला वासाचे तेल लावलेले नव्हते की अंगाला वासाचा साबण. थोरलीचा नवरा पाच वर्षांपूर्वी मांडणीच्या चौथ्या थरावरून पडला आणि त्याचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. तेव्हापासून तो शेडच्या दाराशी स्टुलावर पाय लांब करून बसे आणि वेळ झाली की मोठ्याने सांगे: “अकरा!” गाव त्याला घड्याळ म्हणे.

“अगं, चारला पाच कमी.”

“घड्याळाला पाला कापायला येत नाही,” आतून थोरली म्हणे, “नाहीतर कशी बरी सोय होती.”

तिसरी धाकटी. थोरलीची जाऊ, पंचेचाळिशीची, दहावी शिकलेली, जीभ चालू. तिचा नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. हे चार हात सगळी शेड ओढत.

आणि एक सवय, जी या कामातल्या सगळ्यांना असते. अळ्या मांडणीवर असताना पीक चांगले आहे असे कोणी म्हणत नाही. रोग एका रात्रीत शेड रिकामी करतो, हे ज्याने पाहिले आहे तो बोलत नाही. बाजारचा व्यापारी विचारतो, “काय वहिनी, कसं आहे पीक?” उत्तर ठरलेले: “कुठलं काय. यंदा काही खरं नाही.” व्यापारी समजायचे ते समजतो आणि कोषांसाठी जादा पोती घेऊन येतो.

थोरलीला सख्खे माणूस एकच उरले होते. तिची ताई. सात वर्षांनी मोठी, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन दूरच्या देशी गेलेली, त्यानंतर दोनदा आलेली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीला ताईने कडेवर वाढवले होते. आता ताईच्या फुप्फुसांनी काम थांबवत आणले होते. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते आणि त्यातला एक संपला होता. ताईच्या मुलाने बोलावणे पाठवले: मावशी, दोन महिन्यांसाठी ये. आई दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही.

ताई फोनवर फार बोलू शकत नसे. मुलगा फोन तिच्यासमोर धरी, नाकात नळी घातलेली ताई पडद्यावर दिसे.

“अळ्या ऐकव,” एकदा ती म्हणाली.

थोरलीने फोन मांडणीजवळ धरला. नव्वद हजार तोंडे खात असतात तेव्हा कोरडा कागद कोणी सावकाश चुरगळत बसावे, तसा आवाज येतो. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. लग्नाआधी तिनेही हेच काम केले होते.

“कितव्या कातेवरून उठल्या?”

“चौथ्या. काल.”

“मग काय फोन घेऊन उभी राहिलीस?” ताईने दम घेतला. “पाला घाल. मी कुठे पळते.”

अर्ज भरायला बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे जावे लागले. त्याच्या दुकानात यंत्र एक, संगणक एक, खुर्ची एक, आणि आत्मविश्वास मात्र दहा जणांना पुरेल इतका होता. खुर्चीवर गुडघ्यामुळे घड्याळ बसला. थोरली उभी राहिली.

“काकू, कान दिसले पाहिजेत. हसायचं नाही.”

“हसतंय कोण?” थोरली म्हणाली.

“फोटो परत येतो हसलं की. हं. आता प्रश्न. पूर्वी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखल्या जात होतात का?”

“लग्नाआधी.”

“ते लिहितो. देश सोडून कुठे गेलात?”

“बाजारापर्यंत.”

“कधी एखाद्या सशस्त्र संघटनेचे सदस्य?”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले. “विळा आहे म्हणावं.”

“काकू, चेष्टा नाही, हे सगळं वाचतात ते. कोणत्याही सामूहिक हत्याकांडात सहभाग घेतला आहे का?”

“दर दोन महिन्यांनी,” घड्याळ म्हणाला. “नव्वद हजार.”

“अहो!” थोरली दचकली. “ते मारणं कोष उकळून धागा काढणाऱ्या रीळवाल्याकडे होतं. आपण नुसतं वाढवतो. दादा, नाही लिहा.”

झेरॉक्सवाल्याने नाही लिहिले. बावीस पानांच्या त्या अर्जात, ज्या राष्ट्राने इतक्या बारकाईने तिच्या हातून झालेल्या हत्यांची चौकशी केली, त्याने तिला दिवसातून किती तास झोप मिळते हे विचारलेले नव्हते. कोणताच अर्ज ते विचारत नाही. अशा गोष्टीला रकाना नसतो.

मुलाखतीची तारीख निवडता येत नव्हती. ती आली तेव्हा अळ्या सात दिवसांतल्या चौथ्या दिवशी होत्या, म्हणजे जेव्हा शेडमधून पाऊल बाहेर टाकू नये तेव्हा. धाकटी म्हणाली, “जा तुम्ही. चार पाले मी घालते.”

“अकराचा पाला वरच्या रानातला घे. खालचा कडक झालाय.”

“जाऊबाई, मी काय काल आले का या घरात?”

पहाटेची एसटी, चार तास. वकिलातीची इमारत कुंपणाआड. बाहेर रस्त्याच्या कडेला माणसांची रांग, बसायला काही नाही. सावली ज्या झाडाची होती ते झाड कुंपणाच्या आत होते. फोन आत नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही, पाण्याची बाटली नेता येत नाही; समोरचा एक चहावाला ते सगळे सांभाळायचे काम करी आणि बदल्यात प्रत्येकाने त्याचा चहा घ्यावा अशी त्याची अपेक्षा असे. थोरलीने दोन घेतले, एक नवऱ्याच्या नावाचा. घड्याळ त्याच्याच बाकावर पाय लांब करून बसला. आत फक्त अर्जदार. रखवालदाराने तिच्या कपाळावरून, खांद्यांवरून, कमरेवरून एक काळी दांडी फिरवली. हात पुढे करायला लावले, नखे पाहिली, आणि विचारले, “धुतले नाहीत का?”

“धुतले. निघत नाही.”

दोन तास नऊ मिनिटांनी तिचा आकडा पुकारला. काचेमागे अधिकारी, त्याच्या बाजूला दुभाषी बाई. मुलाखत चार मिनिटांची होती आणि तिची टिपणे उपलब्ध आहेत.

काय करता? “अळ्या सांभाळतो आम्ही.” व्यवसाय कसा चालतो? “कुठलं काय. चाललंय आपलं. यंदा काही खरं नाही.” तुम्ही दोन महिने इथे असाल तर तिकडे कोण बघणार? “जाऊ आहे की माझी. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.” मुले? “नाहीत.” बहिणीला तुमची गरज किती दिवस आहे? “ती आहे तोवर.”

दुभाषी बाईने प्रत्येक शब्द जसाच्या तसा पोहोचवला. तिचा यात दोष नाही. पीक मांडणीवर होते, म्हणून थोरलीने पहिले उत्तर दिले. दुसरे उत्तर घर सोडून निघणारे शहाणे माणूस नेहमीच देते: मागच्यांची काळजी करू नका, मी असले काय नि नसले काय. ज्याच्या दारात पाहुणे म्हणून जायचे, त्याच्यासमोर स्वतःचे ओझे मांडू नये, इतकी रीत तिला कळत होती. समोरच्याला मात्र विनय म्हणजे कबुलीजबाब वाटला. जिथे माणसाने स्वतःची जाहिरात करणे हाच खरेपणाचा पुरावा धरतात, अशा शिष्टाचारात तो वाढलेला होता, आणि आपला शिष्टाचार हा शिष्टाचार नसून वस्तुस्थिती आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

बाहेर आल्यावर घड्याळाने विचारले, “कसं झालं?”

“चांगलं झालं,” थोरली म्हणाली. “मी अजिबात मोठेपणा केला नाही.”

ती परतली तेव्हा धाकटी आठचा पाला संपवून पायरीवर मान टेकून बसली होती. शेडमध्ये एक अळी उपाशी नव्हती. चार दिवसांनी अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या, त्यांना कोष विणण्याच्या जाळ्यांवर सोडले, आणि आणखी पाच दिवसांनी असा कोष उतरला की व्यापाऱ्याने तो कानाशी हलवून पाहिला, मग दुसरा हलवला, आणि नेहमीसारखी नावे ठेवायचे विसरून गेला.

त्याच आठवड्यात पत्र आले. झेरॉक्सवाल्याने ते वाचून दाखवले.

“काकू, असं म्हणालात तुम्ही? अडत नाही म्हणून?”

“मग काय, अडतं म्हणू? आपल्याच तोंडाने?”

“हो! तेच तर म्हणायचं असतं!”

घड्याळाने ताठ गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “म्हणजे बायकोने नवऱ्याच्या पायाचं नाव न काढता त्याची लाज राखली, ते त्यांना नाही चाललं.”

“परत टाकू अर्ज,” झेरॉक्सवाला म्हणाला. “पण आता तुमच्यावाचून सगळं कोसळतं, हे कागदावर पाहिजे. बाजारच्या पावत्या द्या. भाऊंच्या गुडघ्याचा डॉक्टरचा दाखला. आणि…” त्याने धाकटीकडे पाहिले, ती सहज सोबत आली होती. “वहिनींचं एक प्रतिज्ञापत्र.”

प्रतिज्ञापत्र त्याने तिथेच तयार केले आणि मोठ्याने वाचले. मी, अर्जदाराची जाऊ, शपथेवर लिहून देते की मला रेशीम अळ्यांच्या संगोपनाचे ज्ञान नाही. अर्जदाराच्या गैरहजेरीत मी पीक सांभाळण्यास असमर्थ आहे. मागे एक दिवस तसा प्रयत्न केला असता पिकाचे नुकसान झाले.

“नुकसान?” धाकटी म्हणाली. “जाऊबाई, मागच्या बारा पिकांत असा कोष उतरला नव्हता.”

“माहीत आहे गं.”

“वहिनी, हे खरं-खोटं नाही,” झेरॉक्सवाला समजुतीने म्हणाला. “हा कागद आहे.”

धाकटीने थोरलीकडे पाहिले. थोरलीने जमिनीकडे. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती आणि ती आता उघडपणे ऐकत होती.

“तुमच्या ताईसाठी ना?” धाकटी म्हणाली. “आणा.” झेरॉक्सवाल्याने पेन पुढे केले. “पेन नको. शाईचं पॅड आणा. इतक्या अडाणी बाईला सही कशी येईल? अंगठाच लावते.”

तिने अंगठा लावला, तो थोरलीच्या तोंडावर पुसावा तसा हवेत पुसला, आणि बसस्टँडपर्यंत कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या पिकाच्या अळ्या आल्या तशी धाकटी शेडच्या बाहेर थांबली. ती पाला कापी, भारे दारापर्यंत आणी आणि उंबऱ्यावर टाकी.

“आत ये की,” थोरली म्हणाली.

“मला कुठे येतं? लिहून दिलंय मी. शपथेवर.”

“धाकटे, नको ना असं करू.”

“अळ्या मेल्या माझ्या हाताने तर? नुकसान होतं म्हणे.”

अशा रीतीने वकिलातीला हवी असलेली वस्तुस्थिती, वकिलातीच्याच कृपेने, अस्तित्वात आली. आता थोरलीवाचून खरोखर अडत होते. दहाही थरांवर पाला ती एकटी घाली. खालच्या थरासाठी गुडघ्यांवर, वरच्यासाठी लाकडी घोडीवर चढून. जुन्या फांद्या काढायच्या, विष्ठा झाडायची, चुना भुरभुरायचा, पोती भिजवायची. सहाचा पाला साडेसातला संपे, चारचा पावणेसहाला, आणि आठच्या आधी विळ्याला धार लावायची असे. घोडीवरून उतरल्यावर ती मांडणीच्या बांबूला धरून थोडा वेळ उभी राही, जणू बांबूला काही सांगते आहे. एकदा पाला पसरता पसरता ती उभ्या उभ्याच पेंगली आणि तिची हनुवटी मांडणीच्या कडेवर आपटून फुटली. रक्त पाल्यावर पडू नये म्हणून तिने आधी तोंड बाजूला केले, मग पदर लावला.

“अकरा!” दारातून आवाज आला.

“ऐकू आलं!” ती पदराआडून म्हणाली. “बहिरी नाही झाले अजून!”

दुसऱ्या मुलाखतीची तारीख शुक्रवारची होती. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी, अळ्या चौथ्या कातेवरून उठून तीन दिवस झाले असताना, भाच्याचा फोन आला. तो घड्याळाने घेतला. त्याने ऐकले, हो म्हणाला, पुन्हा हो म्हणाला, आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. मग थोड्या वेळाने त्याने हाक दिली: “चार!”

थोरलीने दोन्ही बाजूंचे दहा थर केले. पोती भिजवली. हात धुऊन ती दाराशी आली तेव्हा त्याने सांगितले.

“ताई गेल्या.”

तिने हात पदराला पुसले.

“फोन कधी आला?”

“पावणेचारला.”

“आता किती वाजले?”

ज्या माणसाने पाच वर्षे या घराला वेळ सांगितली, त्याने या वेळी वेळ सोडून दुसरेच सांगितले. “आधी सांगितलं असतं तर तुझे हात थांबले असते,” तो म्हणाला. “नव्वद हजार जिवांचा…”

“हो,” थोरली म्हणाली. ती पुन्हा आत गेली आणि धुतलेले हात तिने पुन्हा धुतले. रडण्याचा आवाज घड्याळाला ऐकू आला नाही. अळ्या खात होत्या.

संध्याकाळी भाच्याचा पुन्हा फोन आला. “मावशी, तरी ये. आईची खोली तशीच ठेवलीय. कागद झालेत तर दोन महिने राहून जा. घर खायला उठतंय आम्हाला.” फोन ठेवल्यावर थोरलीने घड्याळाला सांगितले, “शुक्रवारी जायचंय मला.”

बुधवारी झेरॉक्सवाला स्वतःच्या फटफटीवर घरी आला. सांत्वनाचे दोन शब्द बोलून तो मुद्द्यावर आला. “काकू, तिथे एक अक्षर बोलायचं नाही. अर्जात कारण लिहिलंय बहिणीचं आजारपण. कारण संपलं की अर्ज संपला. त्यांच्या कागदावर ताई आजारी आहेत, आणि आजारीच राहू देत.”

“म्हणजे मी सांगू की ताई आहे?”

“विचारलं तरच.”

“दोन तर शब्द आहेत,” घड्याळ हळूच म्हणाला. “आजारी आहे. इतके कागद झाले, इतकं सगळं झालं…”

धाकटी पायरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “मंद जावेचा कागद झाला,” ती म्हणाली, “मेलेल्या बहिणीला जिवंत करायला काय लागतं?”

शुक्रवारी पहाटे थोरली निघताना शेडमध्ये दिवा दिसला. आत रोग जाऊ नये म्हणून धाकटी दाराशी चुन्याच्या घमेल्यात पाय बुडवत होती.

“तू?”

“लिहून दिलं ते वकिलातीला,” धाकटी म्हणाली. “अळ्यांना वाचता येत नाही. जा. वरच्या रानातला घेते अकराला.”

चहावाला तोच होता, रखवालदार तोच, दांडी तीच. या खेपेला थोरलीच्या हनुवटीवर वाळलेली खपली होती आणि तिच्याकडे रखवालदाराने जरा जास्त वेळ पाहिले. काचेमागचा अधिकारी मात्र वेगळा होता, तरुण, नीट दाढी केलेला. दुभाषी बाई जुनीच.

अधिकाऱ्याने दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. त्याने शांतपणे मांडणी केली, आणि ती तर्काला धरून होती हे मान्य केले पाहिजे. सात आठवड्यांपूर्वी अर्जदाराने सांगितले की व्यवसायात काही खरे नाही. आता बाजाराच्या पावत्या दाखवतात की तो उत्तम चालतो. तेव्हा ती म्हणाली की जाऊ सगळे सांभाळेल. आता जाऊ शपथेवर सांगते की तिला काहीच येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. वकिलातीसमोर खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. अर्जदाराला आरोप समजला का?

समजला, असे थोरली म्हणाली.

मग अर्जदाराने सांगावे की खोटे कधी बोलली, तेव्हा की आता. शिवाय बहिणीची प्रकृती सध्या कशी आहे, आणि मुदत संपल्यावर अर्जदार परत येणार आहे काय.

तिने काचेच्या कडेला हात टेकला. दुभाषी बाईने, कदाचित नियमाबाहेर, तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही. बसले तर उठता येणार नाही, असे तिने सांगितल्याची नोंद आहे. त्यानंतरचे उत्तर दुभाषी बाईने आधी मूळ भाषेत उतरवून घेतले आणि मगच भाषांतर केले. या सबंध प्रकरणात जे कागद जमले त्यांत खाडाखोड नसलेला आणि खोटेपणा नसलेला कागद हा एकच आहे. आरोपीचा कबुलीजबाब म्हणून तो फायलीत लावलेला आहे. शब्दशः असा:

“खोटं दोन्ही आहे. मागल्या वेळी काही खरं नाही म्हणाले, ते खोटं. पीक चांगलं होतं, पण मांडणीवर असताना तसं म्हणत नाहीत. हा कागद पण खोटा. धाकटीला सगळं येतं, माझ्याहून बरं येतं. आज तीच बघतेय. तो अंगठा आहे तो तिचा, पण तिला सही येते, तेवढं लिहून ठेवा. बहीण आजारी नाही. मंगळवारी गेली. मला पाला घालून झाल्यावर सांगितलं. तरी मला जायचंय. तिची खोली आहे तिथे. अडतीस वर्षं मी दिवसाला चार वेळा पाला घातला, तुमच्या पत्रात भाग पाडणाऱ्याचं विचारलंय, तर हो, भाग पाडलं. त्या खोलीत मला एकदा पुरतं झोपायचंय, कुणी हाक मारेपर्यंत नाही, आपोआप जाग येईपर्यंत. जाग आल्यावर परत येईन की नाही, हे मला आज माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं. लिहा.”